आगमनकाळ आणि बालकासारखे होणे: देव ओळखायला निरागसपणा पुरेसा आहे का?

गोदाकाठ

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे चार आठवडे, सुरू झाला की दरवर्षी एक उपदेश कानावर पडतो: लहान मुलासारखे निरागस व्हा, म्हणजे देव आपोआप कळेल. नाशिकमधील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी रविवारी नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. हा उपदेश मोठ्यांना गोड वाटतो; मुलांसमोर उभे राहून तो सांगू लागले की मात्र अवघड होऊन बसतो, कारण समोरची मुले त्या उपदेशातल्या मुलांसारखी मुळीच नसतात. ती हुज्जत घालतात, शेजाऱ्याची पेन्सिल लपवतात, आणि मध्येच असा एखादा प्रश्न टाकतात की शिकवणाऱ्याला पुस्तक मिटून विचार करावा लागतो. या वर्षीचा प्रश्न असा होता: देव सगळीकडे आहे असे तुम्हीच शिकवले, मग तो येणार म्हणजे कोठून येणार?

त्या प्रश्नावर वर्गात बरीच चर्चा झाली आणि ती घरोघरी पोहोचली. काही पालकांनी नंतर सौजन्याने, पण ठामपणे सुचवले की या वयात असली चर्चा नको, मुलांचा निरागसपणा जपला पाहिजे, प्रश्न काय पुढे आयुष्यभर आहेतच. या सूचनेमागची काळजी मला समजते. पण ज्या शास्त्रवचनांच्या आधारावर ती केली जाते, ती वचने तसे सांगतात का, याबद्दल मला शंका आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

कॅथलिक उपासनेत आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातील मंगळवारी दोन वाचने एकत्र येतात. पहिले यशयाच्या अकराव्या अध्यायातले: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, लांडगा कोकराजवळ राहील आणि एक लहान मूल त्यांना वळवील. दुसरे लूकच्या दहाव्या अध्यायातले: येशू पवित्र आत्म्यात उल्हसित होऊन पित्याचे आभार मानतो, कारण ज्ञानी आणि विचारवंत यांच्यापासून जे गुप्त राहिले ते बालकांना प्रकट झाले. प्रवचनात बहुधा हे बालक म्हणजे आपल्या घरातले शेंबडे, गोजिरवाणे बालक असे धरून चालतात. परंतु लूकच्या त्या प्रसंगात जवळपास एकही मूल असल्याचा उल्लेख नाही. येशू ज्यांना बालके म्हणतो ते गावोगाव पायी फिरून, कोठे आदरातिथ्य घेऊन आणि कोठे नकार पचवून नुकतेच परतलेले बहात्तर प्रौढ शिष्य आहेत. त्यांनी प्रश्न विचारणे सोडले होते असेही कोठे लिहिलेले नाही. लगेच पुढच्या ओळीत येशू म्हणतो की पिता कोण हे पुत्रावाचून आणि पुत्र ज्याला प्रकट करू इच्छितो त्याच्यावाचून कोणाला कळत नाही. म्हणजे देवाची ओळख ही स्वतःच्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष नाही, तशीच ती बुद्धी बाजूला ठेवल्याचे बक्षीसही नाही. ती कोणीतरी करून द्यावी लागते. मग मुलांमध्ये असे काय आहे, की ही ओळख करून घेणे त्यांना सोपे जाते? इतर ख्रिस्ती मंडळ्यांतील (पंथांतील) वाचकांचे मतही अवश्य कळावे.

शरणपूरकर

गोदाकाठ ताई, आम्ही उत्तर भारतीय मंडळीचे (सीएनआय) असल्यामुळे आमचा वाचनक्रम थोडा वेगळा असतो, पण हा उपदेश आमच्याकडेही अगदी याच शब्दांत होतो.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने मुलाला मध्ये उभे केले ते कोणत्या प्रश्नावर, हे आधी पाहावे. शिष्यांनी विचारले होते की स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण. प्रश्न पदाचा होता आणि उत्तरही पदाचेच मिळाले: जो स्वतःला या बालकासारखे नम्र करील तो. त्या मुलाच्या मनाच्या निर्मळतेबद्दल येशूने चकार शब्द काढलेला नाही. त्या काळच्या रोमी जगात मुलाला स्वतःची अशी प्रतिष्ठा नव्हती. कुटुंबप्रमुखाचा अधिकार इतका होता की नवजात अर्भक घरात ठेवायचे की उघड्यावर टाकायचे हेसुद्धा तो ठरवू शकत असे. मार्कच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना आणणाऱ्या लोकांना दटावतात, तेही मुलांमुळे गोंगाट होतो म्हणून असेल असे मला वाटत नाही. महत्त्वाच्या माणसाचा वेळ बिनमहत्त्वाच्या लोकांनी घेऊ नये हा तो दरबारी विचार आहे. येशू रागावतो तो त्या विचारावर.

निरागसपणा जपण्याच्या भाषेबद्दल मला आणखी एक अडचण आहे आणि ती आमच्या शरणपूरच्या इतिहासातून येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने येथे ख्रिस्ती वसाहत उभी केली, हे नाशिककरांना साधारण ठाऊक असते. तेथेच गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रम आणि शाळा होती, हे मात्र शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. ब्रिटिश आरमाराने पश्चिम हिंदी महासागरात गुलामवाहू गलबते पकडली की त्यांवरील काही मुले मुंबईमार्गे नाशिकला येत. त्यांना अक्षरओळख, शास्त्रपाठ, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण मिळे. त्यांतलाच एक जेकब वेनराईट. आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा 1873 मध्ये आजच्या झांबियातील एका खेड्यात मृत्यू झाला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचे नाव कोरले. पुढे 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी पेटीजवळच्या मानकऱ्यांतही तो होता. त्याच सुमारास शरणपूरच्या अनेक आफ्रिकन ख्रिस्ती लोकांनी मोंबासाजवळच्या फ्रिअर टाऊन या नव्या वसाहतीची वाट धरली.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की ही मुले नाशिकला पोहोचली तेव्हा आपण ज्याला निरागसपणा म्हणतो तो त्यांच्यापाशी शिल्लक असण्याची शक्यता फार थोडी होती. गाव जळताना, आईबापांपासून तुटताना, माणसे विकली जाताना त्यांतील कित्येकांनी पाहिले असणार. बालकासारखे होणे म्हणजे जगाची वाईट बाजू न कळणे असेल, तर शरणपूरची ती मुले वयाने मुले असूनही त्या वचनाबाहेर राहतात. शुभवर्तमानाचा असा अर्थ कोणाला मान्य होईल?

निवृत्त मास्तर

चौथीच्या वर्गावर आयुष्य काढलेल्या माणसाला मुले निरागस असतात हे कोणी सांगू नये. संत ऑगस्टीनने तर तान्ह्या बाळालाही सोडलेले नाही. दुसऱ्या मुलाला स्तनपान मिळताना पाहून मत्सराने फिक्के पडलेले, अजून बोलताही न येणारे मूल आपण पाहिल्याचे तो लिहितो आणि म्हणतो की तान्ह्या मुलांचा निष्पापपणा त्यांच्या अवयवांच्या दुबळेपणात आहे, मनात नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे मान्य होईल.

पौलाने करिंथकरांना स्पष्ट बजावले आहे की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळे व्हा, पण समजुतीत प्रौढ व्हा. तेव्हा ताईंनी प्रश्न बंद करू नयेत. मात्र सगळे प्रश्न सारखे नसतात, हेही मुलांना शिकवावे. काही प्रश्न उत्तर हवे म्हणून विचारलेले असतात आणि काही गुरुजींची फजिती व्हावी म्हणून. वर्गात हा फरक चेहऱ्यावरून कळतो.

त्र्यंबकनाका

वरचे तिन्ही प्रतिसाद वाचले. अभ्यास आहे, यात शंका नाही, पण ज्या साध्या माणसांनी हा विश्वास आपल्यापर्यंत पोहोचवला त्यांची बाजू मांडणारे येथे कोणी दिसत नाही, म्हणून लिहीत आहे.

माझ्या आजीला वाचता येत नव्हते. आगमनकाळात ती पहाटे उठून जपमाळ म्हणत असे आणि देव येणार आहे हे ती इतक्या खात्रीने सांगे की पाहुण्यांच्या येण्याविषयी आपण तितक्या खात्रीने बोलत नाही. कोठून येणार, हा प्रश्न तिला पडला नसावा. पडला असला तरी त्यामुळे तिचे काही अडले नाही. या खात्रीला मी निरागसपणा म्हणतो आणि तो अज्ञानापेक्षा वेगळा आहे असे मानतो. 131 वे स्तोत्र अवघ्या तीन ओव्यांचे आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो की माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही, आईजवळच्या दूध तुटलेल्या मुलासारखा माझा जीव शांत आहे. त्यातही लक्षात घेण्यासारखे म्हणजे ते मूल अंगावर पिणारे नाही. दुधासाठी रडून, नकार सोसून, आता काही न मागता आईजवळ बसायला शिकलेले आहे. मला वाटते आगमनकाळाची वाट पाहणे हे असे आहे.

पोप दहाव्या पियसने 1910 मध्ये आदेश काढून पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून भाकर प्रथमच घेण्याचे, वय साधारण सातव्या वर्षावर आणले. त्याआधी अनेक ठिकाणी बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. मुलाला काय कळले पाहिजे, तर त्याच्या कुवतीप्रमाणे विश्वासाची मुख्य रहस्ये आणि ही भाकर रोजच्या भाकरीहून वेगळी आहे एवढे. ख्रिस्तसभेने (चर्चने) मुलांकडून तत्त्वज्ञानाची परीक्षा मागितली नाही. नऊ वर्षांच्या मुलाशी आपण सर्वव्यापित्वाची चर्चा का करावी, हे मला अजून उमगलेले नाही.

शरणपूरकर

त्र्यंबकनाका, 1910 चा दाखला चांगला आहे. आमच्याकडे परंपरेने आधी शिकवण, मग दृढीकरण (विश्वास पक्का केल्याचा विधी) आणि त्यानंतर प्रभुभोजन असा क्रम असल्यामुळे मुले तेथपर्यंत पोहोचेतो मिशा फुटलेल्या असतात. समज आधी की सहभाग आधी, या बाबतीत तुमची परंपरा मुलांवर अधिक विश्वास टाकते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मग ज्याला ख्रिस्तशरीर घेण्याइतके कळते असे तुम्ही मानता, त्याला तो कोठून येणार हे विचारण्याइतके कळू नये, असे कसे म्हणता येईल?

गोदाकाठ

त्र्यंबकनाका दादा, आजींबद्दल आपण जे लिहिले त्याला माझा विरोध नाही. परंतु चर्चा का करावी याचे उत्तर सोपे आहे. सर्वव्यापित्वाचा विषय मी काढलेला नव्हता, मुलाने काढला होता. त्याला गप्प बसवले असते तर त्याचा निरागसपणा वाचला नसता, फक्त त्याने पुढचा प्रश्न मला न विचारता दुसऱ्या कोणाला तरी विचारला असता.

मास्तरांनी प्रश्नाप्रश्नांत जो फरक केला तो लूकच्या पहिल्या अध्यायात स्पष्ट दिसतो आणि ही वाचने आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यात, 19 आणि 20 डिसेंबरला लागोपाठ येतात. जखऱ्या हा याजक, वयस्क, मंदिरात धूप जाळण्याचा मान मिळालेला. देवदूत त्याला पुत्र होणार असे सांगतो आणि तो विचारतो की हे मी कशावरून समजू. तो मुका होतो. नाझरेथची मरीया विचारते की हे कसे होईल, आणि तिला सविस्तर उत्तर मिळते, शिवाय खूण म्हणून न मागता जखऱ्याची बायको अलीशिबा म्हातारपणी गरोदर असल्याची बातमीही मिळते. दोघांनाही शंका आली आणि दोघांनीही ती बोलून दाखवली. पण जखऱ्या खात्री पटवून द्या, मग मानतो, या भूमिकेत उभा आहे. मरीयेने मान्य केल्यासारखेच आहे, तिला पुढचा मार्ग विचारायचा आहे. मुलाचा प्रश्न बहुतेक वेळा मरीयेच्या जातीचा असतो. कोठून येणार असे विचारणाऱ्या त्या मुलाला देव येणार याबद्दल मुळीच शंका नव्हती. तो फक्त येण्याचा रस्ता विचारत होता.

बाल शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना हमखास सांगतो आणि अर्ध्यावर सोडतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात सरळ लिहिले आहे की शमुवेलाला अद्याप परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. मूल होते, मंदिरात झोपत होते, निर्मळ होते, तरीही ओळख नव्हती. हाक ऐकून ते तीनदा एली याजकाकडे धावले. काय उत्तर द्यायचे हे अखेर त्या म्हाताऱ्या, दृष्टी अधू झालेल्या, घरच्यांपुढे हतबल झालेल्या एलीनेच शिकवले. आणि ओळख झाल्यावर पहिल्याच रात्री त्या मुलाच्या कानावर काय पडले, तर एलीच्या घराण्याविरुद्धचा कठोर निवाडा. सकाळी ते सांगायला शमुवेल भीत होता. देवाची ओळख मुलाला झाली हे खरे. ती गोड होती असे म्हणता येणार नाही.

त्या मुलाला मी दिलेले उत्तर संत बर्नार्डचे होते. बाराव्या शतकातला हा मठाधिपती आगमनाविषयीच्या प्रवचनांत तीन आगमने सांगतो: पहिले बेथलेहेमात देह धारण करून, शेवटचे जगाच्या अंती वैभवाने, आणि या दोहोंच्या मधले, गुप्त, प्रत्येकाच्या अंतःकरणात. देव सगळीकडे असला तरी मी त्याला आत घेतलेले असतेच असे नाही, एवढे नऊ वर्षांच्या मुलाला कळते. त्याने लगेच विचारले की मग दार कोणत्या बाजूला आहे. या प्रश्नाला मास्तरांच्या दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात टाकावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पंचवटीकर

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा आवडीने वाचत आहे. आमच्याकडे देवाचे बाळरूप घराघरांत आहे. रांगणारा, लोणी चोरणारा बाळकृष्ण सगळ्यांचा लाडका. तुकोबांनीही देवाजवळ लहानपण मागितले, पण ते मुंगीचे. ऐरावताला अंकुशाचा मार बसतो म्हणून मोठेपण नको, असा त्यामागचा व्यवहार आहे. शरणपूरकर पदाचा जो मुद्दा मांडत आहेत तो मला तुकोबांच्या जवळचा वाटतो. माझी जिज्ञासा अशी की तुमच्याकडे देव स्वतः बाळ होतो आणि भक्तालाही बाळ व्हायला सांगितले जाते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

नाशिकरोडहून

पंचवटीकर, आपण प्रश्न नेमका विचारला आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकांत शोधण्याआधी नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात शोधावे असे मी म्हणेन. फेब्रुवारीतील यात्रेला मुंबई, वसई, गोवा आणि कोठून कोठून लोक येतात, त्यांत आपल्यासारखे ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. नवस बोलले जातात, फेडले जातात. या भक्तीची मूळ मूर्ती प्रागमधली, मेणाची, 1628 मध्ये तेथील कार्मेलाईट संन्याशांना एका सरदार स्त्रीने दिलेली. डाव्या हातात पृथ्वीचा गोल आणि उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. यात्रेच्या गर्दीत उभे राहिले की एक गोष्ट जाणवते: माणसे या मूर्तीपुढे घाबरत नाहीत. न्यायाधीशापुढे जे बोलणार नाहीत ते बाळापुढे बोलतात. देव बाळ झाला तो आपल्याला धाक वाटू नये म्हणून, आणि आपल्याला बाळ व्हायला सांगितले ते आपला धाक इतरांना वाटू नये म्हणून, असा मी तरी या दोन गोष्टींचा मेळ घालतो. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी यात दुरुस्ती सुचवल्यास हरकत नाही.

पण बाळ येशूच्या भक्तीचा एक उथळ प्रकारही आहे. त्यात देव नेहमीच पाळण्यात राहतो आणि भक्तही. यावर उतारा म्हणून फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेझाचे नाव घ्यावेसे वाटते, कारण बालकाच्या मार्गाची शिकवण तिच्याच नावाने ओळखली जाते आणि तिचीच प्रतिमा सर्वाधिक गुळचट केली गेली आहे. तिचे संन्यस्त नाव पूर्ण घेतले तर ते बाळ येशूची आणि पवित्र मुखाची तेरेझा असे आहे. गव्हाणीतले मूल आणि क्रुसाच्या वाटेवर रक्ताळलेला चेहरा, दोन्ही एकाच नावात. तिच्या आयुष्याला वळण मिळाले ते 1886 च्या नाताळच्या रात्री. मध्यरात्रीच्या मिस्साहून (उपासनेहून) घरी आल्यावर जोड्यांत ठेवलेल्या भेटवस्तू पाहण्याची तेथे लहान मुलांची रीत होती. थकलेले वडील वैतागून म्हणाले की बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. तेरेझा तेव्हा तेरा वर्षांची होती आणि क्षुल्लक कारणावरून रडणारी होती. त्या रात्री तिने अश्रू आवरले, खाली आली आणि हसतमुखाने भेटी उघडल्या. आपले बालिश वागणे त्या रात्री सुटले असे तिने पुढे लिहिले. म्हणजे बालकाचा मार्ग शिकवणारी ही संत त्या मार्गाची सुरुवात हट्टी बालपण संपले तेथून मानते.

पुढे ती पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. शेवटच्या सुमारे दीड वर्षात तिला स्वर्ग आहे की नाही याबद्दलच अंधार जाणवत होता. त्या अंधारातही ती विश्वासाची वचने म्हणत राहिली. 1997 मध्ये ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद (डॉक्टर ऑफ द चर्च) दिले. त्र्यंबकनाका यांच्या आजींची खात्री आणि तेरेझाचा अंधार या दोन्ही अवस्था एकाच मार्गावर बसू शकतात, याचा विचार निरागसपणाचे कौतुक करणाऱ्यांनी करावा.

निवृत्त मास्तर

आणि नाताळनंतर तीनच दिवसांनी, 28 डिसेंबरला, हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा सण येतो, हेही विसरू नये. गव्हाणीची सजावट काढण्याच्या आधीच. ज्याने हे पंचांग आखले त्याला मुलांचे जग गोजिरवाणे नसते याची पूर्ण जाणीव होती.

जुनी वही

वाट पाहण्याबद्दल त्र्यंबकनाका यांनी जे स्तोत्र दिले ते सुंदर आहे, पण माझ्या घरातली मुले तशी वाट पाहत नाहीत. ती दर दोन तासांनी विचारतात की नाताळ कधी. आगमनकाळाचे चार मेणबत्त्यांचे वर्तुळ आज आपल्याही चर्चमध्ये दिसते, ते याच कटकटीतून जन्मले असे सांगितले तर मुलांना फार आनंद होतो. हॅम्बर्गजवळ योहान विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने 1833 मध्ये गरीब, उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. ती मुले नाताळ कधी म्हणून सतत विचारत, तेव्हा 1839 मध्ये त्याने गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान तांबड्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. जांभळ्या तीन आणि गुलाबी एक, ही आपल्याकडची रंगसंगती नंतर आली. म्हणजे प्रश्न विचारू नका असे विखर्नने त्या मुलांना सांगितले नाही. प्रश्नाला बसायला त्याने जागा करून दिली. मला हे चाक पुष्कळ प्रवचनांपेक्षा मोलाचे वाटते.

यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायाचा आरंभही शांत नाही. आकाश फाडून खाली ये, अशी ती आरोळी आहे आणि कॅथलिक वाचनांच्या अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रातील ब वर्षाच्या आगमनकाळात पहिल्याच रविवारी ती वाचतात. अधीरता हाही वाट पाहण्याचा एक प्रामाणिक प्रकार असावा.

गोदाकाठ

जुनी वही ताई, विखर्नची गोष्ट पुढच्या रविवारी सांगणार आहे.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचल्यानंतर मत्तयचा अकरावा अध्याय पुन्हा संपूर्ण वाचला आणि मूळ शंकेचे उत्तर मला तेथे मिळाले असे वाटते. या अध्यायाचे तुकडे करून आपण तो वेगवेगळ्या दिवशी वाचतो, त्यामुळे त्याची रचना नजरेतून सुटते. सुरुवातीला बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तेथून तो शिष्यांकरवी विचारतो: जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? अ वर्षात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणतात त्या दिवशी, हेच शुभवर्तमान असते. आईच्या उदरात असताना ज्याने आनंदाने उडी मारली असे लूक सांगतो, तोच हा योहान. उदरातल्या त्या बाळाला कळले आणि तुरुंगातल्या प्रौढाला विचारावे लागले. निरागसपणाचा उपदेश करणाऱ्याने येथे म्हणायला हवे होते की पाहा, मोठा झाला आणि ओळख हरवली. येशू तसे म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, असे पाहिलेले आणि ऐकलेले त्याला कळवा, असे उत्तर तो देतो आणि निरोप्ये निघून गेल्यावर लोकांसमोर योहानाची वारेमाप स्तुती करतो.

त्याच अध्यायात पुढे बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला येतो: आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत, आम्ही विलाप केला तरी रडला नाहीत. ही मुलेच आहेत, पण रुसलेली, दुसऱ्याने मांडलेल्या कोणत्याच खेळात न येणारी. आणि त्यानंतर, अध्यायाच्या शेवटाकडे, बालकांना प्रकट केल्याबद्दलची आभाराची प्रार्थना. म्हणजे मत्तयने एकाच अध्यायात प्रश्न विचारणारा प्रौढ, रुसलेली मुले आणि ज्यांना प्रकट झाले ती बालके अशी तिन्ही माणसे उभी केली आहेत. यांतील रुसलेल्या मुलांनाच काय ते ऐकून घ्यावे लागते. योहानाला नाही.

तेव्हा मुलांकडून घेण्यासारखे काय, तर मूल विचारते आणि उत्तरासाठी थांबते. आपले अज्ञान उघडे पडेल याची त्याला लाज नसते, कारण सांभाळण्यासारखी प्रतिष्ठाच त्याच्याकडे नसते. शरणपूरकरांचा पदाचा मुद्दा आणि मास्तरांचा प्रश्नांचा मुद्दा माझ्या दृष्टीने येथे एकत्र येतात. पाहिलेले दुःख याच्या आड येत नाही, वयही येत नाही. ज्ञानी आणि विचारवंत यांच्यापासून ते गुप्त राहते, कारण त्यांना विचारण्याचा कमीपणा वाटतो.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात हा अध्याय पूर्ण वाचायचा आणि पालकांनाही बसायला बोलवायचे असे ठरवले आहे. मुले आणि पालक दोघांनीही एकेक प्रश्न कागदावर लिहून आणायचा आहे. पालकांनी नावासकट.

त्र्यंबकनाका

पालकांनी नावासकट ही अट वाचून काही जण नक्कीच येणार नाहीत, पण मी येईन. आपला निष्कर्ष मला बराचसा पटला, तरी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. एक, विचारून थांबण्याइतकेच न विचारता थांबणेही देवाला चालत असावे, नाहीतर माझ्या आजीचे काही खरे नाही. दुसरे, हा प्रयोग पहिल्या कम्युनियनच्या वर्गावर करू नये. सात वर्षांची मुले कागदावर प्रश्न लिहायला बसली की पाऊण तास स्पेलिंग विचारण्यात जातो आणि अध्याय तसाच राहतो, हा अनुभव आहे. त्यांच्यासाठी विखर्नचे चाक पुरे. गाडीचे चाक कोठे मिळत नसेल तर सायकलची रिम आमच्या गॅरेजमधून घेऊन जावी, शनिवारी दुपारपर्यंत कळवले तर स्वच्छ करून ठेवतो.